हॉलची किल्ली विद्यार्थ्यांकडे द्या: बेळगाव परिसरातल्या पाळकांना आणि पंचांना खुले पत्र

आदरणीय पाळकसाहेब, फादर आणि पंच मंडळी,

येशू ख्रिस्ताच्या नावाने सलाम.

बेळगाव शहर आणि खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या भागातल्या सगळ्याच ख्रिस्ती मंडळ्यांना, म्हणजे चर्चना, हे पत्र लिहिते आहे. मेथडिस्ट, कॅथलिक, पेंटेकॉस्टल, कुणालाही वगळलेलं नाही. मागणी लहान आहे. कॉलेजात आणि विद्यापीठात शिकणारी आपली मुलं आठवड्यातून एक संध्याकाळ एकत्र बसून बायबल वाचतात. त्यांना बसायला तुमच्या आवारातली एखादी खोली द्या. आणि खोली दिली म्हणून तिथे उपदेश करायला कुणाला पाठवू नका.

मी एका पदवी महाविद्यालयात शिकवते. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ भाड्याच्या घरात राहते. असा एक गट सध्या दर शुक्रवारी माझ्या बाहेरच्या खोलीत भरतो. चपला जिन्यापर्यंत येतात, शेजारी सहन करतात, घरमालक अजून तरी काही बोललेले नाहीत. पण घर आज आहे, उद्या नाही, आणि मुलांचा अभ्यासगट एका बाईच्या भाडेकरारावर तरून असणं काही बरं नव्हे.

ही मुलं कोण, हे आधी सांगायला हवं, कारण रविवारी ती तुम्हाला दिसत नाहीत. १९९८ साली मच्छेला विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आलं, २०१० साली भुतरामनहट्टीला राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं, नेहरूनगरात मेडिकल, डेंटल, नर्सिंग सगळं एका रस्त्यावर आहे. त्यामुळे आता शिकायला नुसता जिल्हाच येतो असं नाही. चंदगड, आजरा, गडहिंग्लजची मराठी मुलं रूम करून राहतात. खानापूरची रोज रेल्वेनं किंवा बसनं ये-जा करतात. बिदरकडची कन्नड मेथडिस्ट मुलं असतात, केरळच्या नर्सिंगच्या मुली असतात, गोव्याची कोकणी बोलणारी कॅथलिक मुलं असतात. रविवारी यातली निम्मी गावी जातात. नर्सिंगच्या मुलींना वॉर्डात ड्युटी असते. उरलेल्यांना सोमवारी इंटर्नल असते, किंवा नुसतीच झोप असते. खोटं कशाला बोला. गावच्या पाळकांना वाटतं, मुलगा बेळगावात आहे म्हणजे तिथे कुठेतरी देवळात जात असेल. बेळगावच्या पाळकांना वाटतं, तो गावच्या मंडळीचा सभासद, आपल्या वहीत त्याचं नाव नाही. दोन्ही वह्यांमध्ये तीन वर्षं निघून जातात.

आपल्या जिल्ह्यात मिशनचं काम सुरू होऊन दोनशे वर्षं उलटली. १८२० साली लंडन मिशनचे जोसेफ टेलर बल्लारीहून बेळगावला आले, तिथून मोजायचं. एवढ्या काळात आपण शाळा काढल्या, वसतिगृहं काढली, संडे स्कूल उत्तम चालवलं. दृढीकरणाचा वर्ग आहे, महिला मंडळ आहे, घरोघरी कुटुंब प्रार्थना आहेत. अठरा ते चोवीस या वयासाठी काय आहे, तर नाताळचं नाटक आणि गायनपथक. ज्या वयात माणूस थर्मोडायनॅमिक्स आणि कंपनी लॉ समजून घेतो, त्या वयात त्याला शास्त्राच्या बाबतीत मात्र आपण फक्त ऐकायला बसवतो.

गटात नेमकं काय चालतं ते सांगते, म्हणजे काळजी कमी होईल. किंवा वाढेल. पद्धत जुनी आणि साधी आहे, इंडक्टिव्ह स्टडी म्हणतात ती. एक उतारा ठरतो. प्रत्येकाजवळ त्याची छापील प्रत आणि पेन्सिल. पहिला अर्धा तास अर्थाचं नावही काढायचं नाही. उताऱ्यात काय दिसतं एवढंच सांगायचं. कोण बोलतं, कुणाशी, केव्हा, कोणती गोष्ट दोनदा आली. मग याचा अर्थ काय, आणि शेवटी माझ्याशी संबंध काय. एक जण प्रश्न विचारत पुढे नेतो आणि दर आठवड्याला तो बदलतो. नेणाऱ्याने स्वतः उत्तर द्यायचं नाही, हा सगळ्यात अवघड नियम. मला तर फारच अवघड जातो, शिक्षकाची सवय.

एका शुक्रवारी मत्तयाचा विसावा अध्याय होता, द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा. पहाटे कामाला लागलेल्यांना आणि संध्याकाळी पाचला आलेल्यांना मालक सारखाच एक दीनार देतो, आणि पहाटेचे कुरकुर करतात. हा दाखला आपण सगळ्यांनी उपदेशात कितीदा तरी ऐकलेला आहे: देवाची कृपा सर्वांना सारखी, संपलं. त्या दिवशी निपाणीची एक एम. कॉम.ची मुलगी गट नेत होती. तिची आई बिड्या वळते. ती आठव्या वचनावर अडली. मालक कारभाऱ्याला सांगतो, मजुरी शेवटच्यापासून वाटायला सुरुवात कर. तिने विचारलं, शेवटच्यापासून का? पहाटेपासून राबलेल्यांना आधी पैसे देऊन घरी धाडलं असतं, तर पाच वाजता आलेल्यांना किती मिळाले हे त्यांना कळलंही नसतं. भांडण झालंच नसतं. मालकाला ते भांडण हवं होतं का?

मी इतकी वर्षं हा अध्याय वाचते आहे, हा प्रश्न कुणी विचारलेला ऐकला नव्हता. तिला तो सुचला, कारण मजुरी वाटताना काय काय होतं हे तिने लहानपणापासून पाहिलंय. आईच्या बिड्या तपासणारा माणूस मूठभर बिड्या खराब म्हणून बाजूला काढतो, त्यांचे पैसे मिळत नाहीत, आणि कुणाच्या किती काढल्या हे शेजारणीला कळू नये अशी तजवीजही असते. मालकाने सगळ्यांसमोर, उघड्यावर, उलट्या क्रमाने पैसे वाटायला लावले हे तिला मोठं वाटलं. तिच्या मते मालकाला पहिल्या मजुरांनाही काहीतरी दाखवायचं होतं.

खानापूरकडचा एक इंजिनिअरिंगचा मुलगा तिच्याशी चांगलाच भांडला. त्यांची भातशेती आहे, लावणीला माणसं लावावी लागतात. तो म्हणाला, सकाळपासून उन्हात राबलेला माणूस कुरकुर करणारच, आणि असल्या मालकाकडे दुसऱ्या दिवशी सकाळी कोण येईल? सगळे पाचलाच येतील. यावर बराच वेळ रणधुमाळी झाली, मराठी, कन्नड, इंग्रजी मिळून. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या, प्लेसमेंटमध्ये कुठेच नाव न लागलेल्या एका मुलाने सहावं-सातवं वचन पुन्हा मोठ्याने वाचलं. दिवसभर रिकामे का उभे होतात, असं मालक विचारतो आणि ते म्हणतात, आम्हाला कुणी कामावर लावलं नाही. तो म्हणाला, हे आळशी नव्हते. हे दिवसभर नाक्यावर उभे होते. सकाळी कामाला लागलेल्यांना दिवसभराची हमी तरी होती, यांना संध्याकाळपर्यंत काळजीच होती. मग कष्ट कुणाचे जास्त?

पाळकसाहेब, यातलं चूक काय आणि बरोबर काय, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल. दीनार हा मजुराचा एका दिवसाचा रोज, म्हणजे घरच्या चुलीपुरते पैसे, हे त्या दिवशी मुलांना कुणीतरी सांगायला हवं होतं आणि मी ते शेवटी सांगितलं. पण हे संभाषण व्यासपीठावरून होऊ शकत नाही, एवढं तरी पटतं ना?

पूर्वी हाच गट शहरातल्या एका मंडळीच्या हॉलमध्ये बसायचा. नाव सांगत नाही, कारण दुसऱ्या कुठेही हेच झालं असतं. सुरुवात छान झाली. मग पंचांपैकी एकांना वाटलं, मुलं आयती जमताहेत तर वक्ता बोलवावा. वक्ते आले. त्यांच्यामागून माईक आला, स्वागत आलं, आभारप्रदर्शन आलं, गोल मांडलेल्या खुर्च्यांच्या रांगा झाल्या. वक्त्यांनी दानीएलाचा पहिला अध्याय घेतला. तरुणांपुढे बोलायचं म्हटलं की दानीएल, हे आपल्याकडे ठरूनच गेलंय. बाबेलच्या राजवाड्यातलं अन्न त्याने नाकारलं, तसं तुम्ही सिनेमा आणि मोबाइल नाकारा. त्याच अध्यायात तो आणि त्याचे मित्र तीन वर्षं खास्द्यांची भाषा आणि विद्या शिकले, परक्यांच्या विद्यापीठात पहिले आले, हे कुणी मुलांपुढे बोलत नाही. पुढे हजेरीची वही आली. मग युवक संघात का येत नाही ही विचारणा, आणि गाण्याच्या तालमीचं बोलावणं. कॅथलिक मुलं आधी थांबली, मग नर्सिंगच्या मुली, कारण कार्यक्रम लांबायचा आणि हॉस्टेलचं गेट वेळेवर बंद व्हायचं. शेवटी चार टाळकी उरली. त्या वर्षीच्या अहवालात ‘विद्यार्थ्यांतील सेवा’ असा परिच्छेद मात्र होता.

तुम्हाला वाटत असेल, शिक्षकाशिवाय मुलं वाहवत जातील. ही भीती खरी आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. पण ती आत्ता कुठे वाहवताहेत ते बघा. रात्री हॉस्टेलच्या गादीवर पडून मोबाइलवर जो प्रचारक ऐकतात, तो तुम्हाला विचारून ऐकत नाहीत. एका मुलाने परीक्षेच्या आधी अशाच कुणाला ‘बी पेरणे’ म्हणून, देव वाढवून परत देईल या आशेने, पैसे पाठवले होते, मेसच्या पैशातले. यिर्मया २९:११ त्याला पाठ होतं. आपल्या सगळ्यांच्याच घरी कॅलेंडरवर ते असतं: तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत. गटाने तो अख्खा अध्याय वाचायला घेतला. ते यिर्मयाने बाबेलातल्या बंदिवानांना लिहिलेलं पत्र आहे. दहाव्या वचनात सत्तर वर्षं थांबा म्हटलंय. पाचव्यात घरं बांधा, मळे लावा. सातव्यात, ज्या नगरात मी तुम्हाला नेलं त्याचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. सत्तर वर्षांचा आकडा वाचल्यावर सगळे हसत सुटले, तो मुलगाही. पैसे गेले ते गेले. पण पुन्हा त्याने पाठवले नाहीत, आणि मी त्याला एक शब्द सांगितला नव्हता. बिरुयाचे लोक पौलाचं सांगणंसुद्धा रोज शास्त्रात तपासून पाहत, म्हणून प्रेषितांच्या कृत्यांत त्यांचं कौतुकच आहे.

शिवाय हे कुणा आजच्या पोरांचं खूळ नाही. १७२९ साली ऑक्सफर्डमध्ये चार्ल्स वेस्ली नावाच्या विद्यार्थ्याने दोन-तीन मित्र जमवले. थोरला भाऊ जॉन मागून आला आणि पुढारी झाला. ते ग्रीक नवा करार एकत्र वाचायचे, तुरुंगातल्या कैद्यांना भेटायला जायचे, आणि बाकीचं कॉलेज त्यांची टिंगल करायचं. बेळगावातल्या मेथडिस्ट पंचांनी आपल्या देवळाचा इतिहास मागे मागे नेला, तर तो या पोरांच्या खोलीत जाऊन थांबतो. अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजात, १८०६ च्या ऑगस्टमध्ये पाच विद्यार्थी प्रार्थनेला माळावर जमले असताना वादळ आलं. गवताच्या गंजीच्या आडोशाला बसून त्यांनी प्रार्थना पुरी केली आणि परदेशी सुवार्ता न्यायची असं तिथेच ठरवलं. त्यातून १८१० मध्ये परदेशी मिशनरी पाठवणारं अमेरिकन बोर्ड उभं राहिलं. त्याच कॉलेजचा पदवीधर गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईला उतरला. पुढे अमेरिकन मराठी मिशन, नगरचं काम, रेव्हरंड टिळक, त्यांची भजनं. आपण रविवारी जी भजनं म्हणतो त्यांच्यामागे कुठेतरी ही पाच पोरं आहेत, आणि त्यांच्याकडे कुणा पंच कमिटीचा ठराव नव्हता.

आपल्या देशातही १९२४ मध्ये तिरुचिरापल्लीत कॅथलिक विद्यार्थ्यांची संघटना आयकफ (ऑल इंडिया कॅथलिक युनिव्हर्सिटी फेडरेशन) सुरू झाली, १९५४ मध्ये यूईएसआय (युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया). यूईएसआयवाले वेगळी मंडळी काढत नाहीत. आपापल्या मंडळीत राहा, असंच विद्यार्थ्यांना सांगतात. तेव्हा मेंढरं पळवण्याचा आरोप निदान अशा गटांवर तरी करू नका. पळालेली मेंढरं बहुधा कुठल्याच कळपात नसतात.

भाषेचं म्हणाल तर आपल्या सीमाभागात मोठी माणसं ज्यावरून मोर्चे काढतात, त्यावरून ही मुलं एकमेकांची टिंगल करतात आणि पुढे जातात. उतारा मराठीत वाचला जातो, मग कन्नडमध्ये, मल्याळी मुलींसाठी इंग्रजीत. चर्चा ज्याला जशी जमेल तशी. म्हणून मराठी मंडळीने फक्त मराठी गट आणि कन्नड मंडळीने फक्त कन्नड गट असं वाटप कृपा करून करू नका. रविवारी ते ठीक आहे, उपासना मायबोलीतच व्हावी या मताची मी आहे. शुक्रवारी नको.

मुलींनी गट नेऊ नये असं एका वडीलधाऱ्यांनी मला सुचवलं होतं. त्यांना मी पंडिता रमाबाईंचं उदाहरण दिलं. १८५८ साली त्यांचा जन्म आजच्या कर्नाटकातच झाला. केडगावला बसून त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणलं, मुक्ती मिशनच्या बायकांनी ते छापखान्यात जुळवलं, छापलं, आणि रमाबाई गेल्यानंतर दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, ते बाहेर आलं. वडीलधारे म्हणाले, त्या रमाबाई होत्या. बरोबर आहे. पण त्याही कधीतरी वीस वर्षांच्या होत्याच की.

आता कायद्याची भीती. २३ डिसेंबर २०२१ रोजी इथल्याच सुवर्णसौधात कर्नाटक विधानसभेने धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केलं आणि त्या हिवाळ्यात आपल्यातले पुष्कळ लोक घाबरले. अजूनही ‘घरात प्रार्थना’ म्हटलं की घरमालक कपाळाला आठ्या घालतात. खरं म्हणजे ते विधेयक जबरदस्ती, फसवणूक आणि आमिष यांबद्दल होतं. ख्रिस्ती मुलांनी आपलं शास्त्र आपापसात वाचणं हा संविधानाच्या २५ व्या कलमाने दिलेला हक्क आहे. पण हक्क आहे म्हणून गल्लीतल्या कुजबुजीला आळा बसत नाही, आणि एकोणीस वर्षांच्या मुलीला त्या कुजबुजीतून जिना चढायला लावणं मला बरं वाटत नाही. तुमचं आवार हे सगळ्या गावाला ठाऊक असलेलं प्रार्थनेचं ठिकाण आहे. तिथे दिवा लागलेला दिसला तर कुणाला नवल वाटत नाही. म्हणूनच भीती वाटत असेल तर त्या भीतीपोटीच हॉल उघडा.

मग तुम्ही काय करायचं? शुक्रवारी साडेपाच ते सात, एक खोली. सातच्या पुढे नको, गेटं बंद होतात आणि खानापूरची गाडी चुकते. पंखा चालू असला तर उत्तम, चहा मुलं स्वतः करतील. किल्ली गटातल्या दोघांच्या नावे, वहीत सही घेऊन द्या. तुटफुटीची जबाबदारी मी लेखी घेते. महिन्यातून एकदा पाळकसाहेबांनी किंवा फादरांनी जरूर यावं, गोलात बसावं, बायबल उघडावं, आणि विचारल्यावर बोलावं. मुलांचे प्रश्न साचलेले असतात. देवाने फारोचं मन कठीण केलं, मग दोष कुणाचा? पौल बायकांना गप्प बसायला सांगतो आणि फिबीची शिफारसही करतो, ते कसं? अशा प्रश्नांना तुमच्यासारखं शिकलेलं माणूस लागतं, मी पुरत नाही. हजेरी घेऊ नका. कुठल्या मंडळीचा हे विचारा, पण यादी करू नका. नाताळच्या नाटकासाठी पोरं हवी असतील तर नोटीस लावा, आली तर येतील.

गावाकडच्या पाळकांना वेगळी विनंती आहे. जूनपासून बारावी झालेली मुलं बॅगा भरायला लागतात. मंडळीतून कोण बेळगावला शिकायला चाललंय हे तुम्हाला आई-वडिलांच्याही आधी कळतं. त्याच्या हातात एक चिठ्ठी द्या, किंवा शहरातल्या ओळखीच्या पाळकांना फोन करा, की अमुक मुलगी नेहरूनगरच्या हॉस्टेलला येते आहे. त्या पाळकांनी तो निरोप शुक्रवारच्या मुलांपर्यंत पोचवायचा. पुढचं ती मुलं बघतात. पहिल्या आठवड्यात कुणीतरी जाऊन भेटलं तर नवा विद्यार्थी येतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर भेटलं तर येत नाही, असा माझा अनुभव आहे.

एक शंका उरते: मंडळीला यातून काय मिळणार? सरळ हिशोब केला तर काही नाही. ही मुलं तीन-चार वर्षांत पुण्याला, बेंगळुरूला, दुबईला जातील. वर्गणी दुसऱ्याच देवळात भरतील. काही जण भरणारही नाहीत. तरीही खोली द्या म्हणते, कारण आपली मुलं तिकडे जातील तेव्हा तिथल्या कुणा पंचांनीही हा हिशोब करू नये असं तुम्हाला वाटतंच.

पुढच्या पंच सभेत हा विषय घ्यावा. नकार द्यायचा असेल तर तोही कळवा, म्हणजे आम्ही दुसरं दार ठोठावू. होकार असेल तर सेमिस्टर सुरू व्हायच्या आत कळावा. सभेला बोलावलंत तर मी येईनच, पण माझ्याऐवजी गटातल्या दोघांना बोलवा. तुमच्या प्रश्नांना ती माझ्यापेक्षा नीट उत्तरं देतील.

आपली नम्र,
टिळकवाडीतील एक शिक्षिका